धोंड्याच्या महिन्यात जावयाला दिलेली काठी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
अधिक ज्येष्ठ, सरत आलेला

सौ. सत्यभामा विहीणबाईंना रत्नमालाचा नमस्कार. पायावर डोकं ठेवते असं लिहिणार होते, पण तुमचा उजवा गुडघा सध्या कुणाचा हात सोसत नाही असं प्रेरणा म्हणाली, म्हणून नमस्कार लांबूनच करते. तात्यांचा खोकला कसा आहे? ओवा तव्यावर भाजून, फडक्यात बांधून हुंगायला द्या. मी सांगितलं असं मात्र त्यांना सांगू नका, नाहीतर हुंगायचे नाहीत. म्हैस व्यायली का? व्यायली असेल तर खरवसाची वाट पाहत नाही, नुसती विचारपूस करते. इकडे मी बरी आहे. आमच्या नळाला आज पाणी येऊन गेलं, घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवली आहेत, आता आठवडाभर नळाचं तोंड बघायचं नाही. तेव्हा हात रिकामा आहे आणि मन भरलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

फोन तुम्ही उचलत नाही. आधी वाटलं, लासूरची रेंज गेली असेल. मग प्रेरणाशी बोलताना मागून आवाज आले. भांडी कुणी घासत नव्हतं, आपटत होतं. तेव्हा उमगलं. शेवटी तिनंच हळूच सांगितलं की तुम्ही ओट्यावर बसून आल्या-गेल्याला विचारता, "लोकं धोंड्यात जावयाला निरांजन देत्यात, अंगठी देत्यात. माझ्या लेकाला सासूनं काठी दिली. आता तुम्हीच सांगा, ह्याला मान म्हणायचं का मार?" आणि असंही म्हणालात म्हणे, की महिना सरायच्या आत ती काठी जशीच्या तशी माझ्या दारात परत आणून टाकणार. हे ऐकून माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. (गोष्ट ऐन रंगात आली होती. वाचनालयाचं पुस्तक आहे, कुठपर्यंत वाचलं ते पान अजून सापडलेलं नाही, आणि परत द्यायची तारीख टळून गेली.)

विहीणबाई, दिलेलं वाण परत येणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. लोक म्हणतील सोयरीक तुटली. आणि मधल्यामध्ये माझी प्रेरणा. तिनं सासूकडून बोलावं की आईकडून? पण खरं सांगायचं तर मला प्रेरणाहून जास्त काळजी तुमची आणि माझी आहे. लग्नात मी मागं चुलीपाशी उभी होते. हे लग्नाच्या आधीच गेलेले, विधवेनं म्होरं कशाला नाचायचं, असं मला कुणी म्हणालं नव्हतं, माझं मीच धरलं होतं. तेव्हा तुम्ही मांडव ओलांडून आलात, माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "लेक तुमची, अन् तुम्ही धुरात का उभ्या? चला म्होरं." एवढं जोरात ओढलंत की माझी एक बांगडी वाकली. ती अजून तशीच वाकडी घालते. असं माणूस माझ्यावर एका काठीपायी रुसलं, हे मला सोसवत नाही. म्हणून हा खुलासा. मुळापासून सांगते, कारण मधून सांगितलं तर मी आणखीच वेडी वाटेन.

मी प्रेरणाला विचारलं होतं, जावईबापूंना धोंड्याला काय आवडेल? ती म्हणाली, काही नको म्हणतात. (जावई काही नको म्हणाले की काहीतरी फार हवं असतं, हे मुलाची आई म्हणून तुम्ही जाणताच.) पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, ते कंपनीतून सुटल्यावर आठवड्यातून एकदा गारखेड्यात पूल खेळतात. तिथल्या काठ्या वाकून गेल्यात. हातानं घडवलेली, आपल्या मापाची एक काठी असावी, असं लई दिवसांपासून त्यांच्या मनात आहे." आता हे खेळणं तुम्हाला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. नसेल तर झालं. (ओव्हरटाइम म्हणून सांगितलं असेल तर तोही असतोच, मध्ये मध्ये.) या काठीला खेळातले लोक क्यू म्हणतात, पण मी काठीच लिहिते, म्हणजे आपण दोघी एकाच वस्तूवरून भांडतोय एवढं तरी नक्की राहील.

तुम्ही त्या खेळाला गोट्या म्हणता असं कळलं. तसं नाही. हिरव्या कापडाचं एक मोठं टेबल असतं, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये दोन असे खिसे असतात. काठीच्या टोकानं पांढऱ्या चेंडूला ढकलायचं, त्यानं रंगीत चेंडूला ढकलायचं, आणि रंगीतानं खिशात पडायचं. म्हणजे सरकारी कचेरीसारखं आहे. आपण ज्याला सांगतो तो काही करत नाही, तो दुसऱ्याला सांगतो, आणि झालं तर दुसऱ्याकडून होतं. आता तुम्ही म्हणाल, धोंड्याचं वाण जाळीचं असावं लागतं, म्हणून तर आपण अनारसे देतो, बत्तासे देतो. काठीला कुठं आहे जाळी? हा प्रश्न मला आधीच पडला होता. त्यावर मी बराच विचार केला आणि असं ठरवलं की काठीला भोकं नसली तरी टेबलाला सहा आहेत, आणि त्यांना आतून चक्क जाळीच लावलेली असते. शास्त्राला एवढं पुरावं.

गारखेड्यात सम्यक म्हणून एक मुलगा आहे. इंजिनिअर झाला, कंपनीत लागला, कंपनी सोडली, आणि आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ टाकून काठ्या घडवतो. त्याच्या काठ्या पुण्याला जातात, हैदराबादला जातात. (त्याची आई मात्र अजून बँकेच्या परीक्षांचे अर्ज आणून लेथवर ठेवते. तो त्यावर भुसा झाडतो.) बोलायला गोड, पण स्वतःविषयी त्याचं मत फार चांगलं आहे. मला वाटलं, दुकानासारख्या काठ्या मांडलेल्या असतील, एक उचलायची, दोनदा आपटून बघायची आणि घरी यायचं. तर त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. खेळणाऱ्याचा स्वभाव कसा आहे? हाताला घाम येतो का? मारताना दम धरतात की घाई करतात? हरल्यावर बोलतात की गप्प बसतात? विहीणबाई, प्रेरणाचं लग्न ठरवताना मी तुमच्या मुलाविषयी यातलं काहीही विचारलं नव्हतं. जमीन किती आणि नोकरी कायम आहे का, एवढ्यावर मुलगी दिली. मला तिथं बसल्या बसल्या घाम फुटला. नशीब, निघाले चांगले.

मग तो म्हणाला, "काकू, उंची सांगा." आणि इथं सगळं बिघडलं.

मी जुन्या वळणाची सासू आहे. जावई घरात आले की माझा पदर डोक्यावर, मी स्वयंपाकघराच्या दारात आणि ते बाहेर खुर्चीवर. समोर उभं राहून वरपासून खालपर्यंत जावयाला न्याहाळणं आमच्यात नाही, तुमच्यातही नसावं. त्यांच्या चपलेचा नंबर मला पाठ आहे, कारण चपला उन्हात असल्या तर मी सावलीत सरकवते. भाकरी किती खातात, चहात साखर किती लागते, मिरचीचा ठेचा पुढं केला की आधी नाही म्हणून मग किती घेतात, सगळं सांगता येईल. पण उंची? उभे पाहिले ते एकदाच, लग्नात, आणि तेही फेट्यासकट. हे मी सम्यकला सांगितलं. तो म्हणाला, "मग फेटा वजा करा ना, काकू." मी केला. फेट्यावरचा तुराही वजा केला. पाहिलं तेव्हा ते घोड्यावरून नुकतेच उतरत होते, म्हणून थोडं घोड्याचंही वजा केलं. उरले ते साधारण माझ्याएवढे. तसं मी सांगून टाकलं. "बरं झालं," तो म्हणाला, "मग तुम्हीच उभ्या राहा." आणि माझं माप घेतलं. खांदा, कोपर, मनगट, मूठ, शिंप्यानंही कधी घेतलं नाही इतकं बारीक. पुढं महिनाभर जे घडलं ते या मापावर घडलं, हे ध्यानात ठेवा. बाकीचं आपोआप कळेल.

लाकूड निवडायला मी बाभूळ मागितली. बैलगाडीचा आस बाभळीचा असतो, आयुष्य जातं पण तो मोडत नाही. सम्यकनं कपाळाला हात लावला. म्हणाला, "काकू, चेंडू मारायचाय, ऊस नाही न्यायचा." मग त्यानं बाजेवर लाकडाचे तुकडे मांडले. पुढच्या बारीक भागाला मेपल म्हणून परदेशी लाकूड, ते गोरं आणि गप्प असतं. मागच्या जाड भागाला त्यानं तीन-चार दाखवले, आणि मी प्रत्येकाला बोटाच्या मागच्या पेरानं टकटक करून पाहिलं. ही यांची सवय. माठ असो, कलिंगड असो, खिडकीची चौकट असो, हे वाजवल्याशिवाय घ्यायचे नाहीत. एकदा तर शिलाई मशीन वाजवून पाहिलं होतं, दुकानदार हसून हसून बेजार. मी शिसम वाजवलं, आणि डाव्या बाजूला बघून विचारायला तोंड उघडलं, कसं वाटतंय? यांच्या पश्चात घरात एवढी मोठी वस्तू मी एकटीनं घेतलीच नव्हती. सम्यकला वाटलं त्यालाच विचारतेय. तो म्हणाला, "हेच घ्या, छान आहे." मी तेच घेतलं. हेही तेच म्हणाले असते, फक्त आधी अर्धा तास दुसरीच लाकडं वाजवत बसले असते.

नंतर आमचं खरं भांडण झालं. सम्यक म्हणाला, जाड भागावर नक्षी काय काढू? त्याच्या मनात टोकदार त्रिकोण, आत शिंपल्याचे ठिपके असं काहीतरी होतं, त्यानं कागदावर काढूनही दाखवलं. मी म्हटलं, नक्षी कशाला, नाव घाल. आपल्यात भेट द्यायची ती नाव घालूनच. स्टीलचा डबा देतानाही आपण भांडीवाल्यासमोर तासभर उभ्या राहतो. मी मजकूर सांगितला: "चि. गोकुळ यांस प्रथम धोंड्यानिमित्त सासूबाई श्रीमती रत्नमाला यांजकडून सप्रेम भेट, अधिक ज्येष्ठ, शके १९४८." त्या पोरानं हातातलं पटाशीचं हत्यार खाली ठेवलं. म्हणाला, "काकू, ही काठी आहे, पातेलं नाही." मी म्हटलं, "म्हणूनच. पातेलं घरात राहतं, काठी लोकांत जाते. हरवली तर कुणाची ते कळायला नको?" तो म्हणाला, माझ्या हातून असं काम होणार नाही. मी म्हटलं, मग मी उठते. त्याची आई मधल्या दारातून ऐकत होती, ती म्हणाली, "घाल की रे, बाई म्हणती तसं, तेवढंच चार माणसांनी वाचल्यासारखं काम होईल." शेवटी त्यानं घातलं. अक्षर सुरेख आलंय. मजकूर एका ओळीत मावेना म्हणून काठीभोवती वेढे घेत गेलाय, वाचायचा तर काठी फिरवत फिरवत वाचावा लागतो. मला तर तेच आवडलं.

काठी घडेपर्यंत मला तीन-चार खेपा कराव्या लागल्या. त्याच्या शेडमध्ये एक जुनं टेबल आहे, त्यावर दर खेपेला काठी चालवून बघायची, मग तो कुठं तरी केसभर तासायचा, वजन मागं सरकवायचा, पुन्हा माझ्या हातात द्यायचा. मी जावयाच्या वतीनं खेळत होते, माझा त्यात काही संबंध नव्हता, हे कृपा करून लक्षात घ्या. वाकायचं, एक डोळा बारीक करायचा, डाव्या हाताचा पूल करायचा, आणि उजवा हात भाकरी तव्यावर सोडताना जसा अलगद जातो तसा सोडायचा. पहिल्या दिवशी चेंडू टेबलावरून उडून त्याच्या आईच्या वाळवणात गेला. दुसऱ्या खेपेला एक खिशात पडला. कसा पडला विचारू नका, टकाक असा आवाज येतो, आणि मग चेंडू आत गडगडत जातो, आणि मनावरचं काहीतरी त्याच्यासोबत गडगडत जातं. त्या दिवशी मी गारखेड्यातून घरी चालत आले. रिक्षा दिसल्या, पण कराव्याशा वाटेनात. (भाजी घ्यायची राहून गेली. रात्री पिठलं केलं आणि चक्क गुणगुणत केलं. भिंतीपलीकडच्यांनी विचारलं, काकू, कुणी पाहुणे आलेत का?)

धोंड्याचा दिवस तर तुम्ही फोटोत पाहिलाच. पुरणाचे धोंडे झकास झाले होते, अनारशांना जाळी अशी पडली होती की पलीकडचं दिसावं. आदल्या दिवशी काठी देवघरापुढं ठेवली. टोकाला चामड्याची बारीक टोपी असते, म्हणून क्षणभर मनात आलं की चामडं देवापुढं कसं? मग आठवलं, मृदंग काय कापडाचा असतो? नवी वस्तू म्हणून तिला हळदीची पाच बोटं ओढली, टोकाला कुंकू लावलं, वर दोरा गुंडाळला. तेवढ्यात सम्यकचा फोन आला की काकू, काठीला पाणी, तेल, ऊन काही लागू देऊ नका. मी विचारलं, "हळद चालते का?" त्यानं फोन आपल्या आईच्या हातात दिला.

जावईबापूंना पाटावर बसवून औक्षण मी स्वतः केलं. काठी हातात घेऊन ते दारात उभे राहिले, आणि खालच्या मजल्यावरच्या रूपालीनं फोटो काढला. घोटाळा तिथं झाला. तिनं तो आपल्या स्टेटसला लावला आणि वर लिहिलं, "काकूंकडून जावयाला धोंड्याचा प्रसाद!", पुढं हसणारी तोंडं. जावईबापू रात्रीच्या गाडीनं लासूरला पोचायच्या आधी तो फोटो पोचला आणि तुमच्या ओट्यावर सभा भरली. त्यात माझा दोष एवढाच की फोटोसाठी मी आतूनच त्यांना म्हटलं, जरा उंच धरा, नाव दिसू द्या. ती उगारल्यासारखी दिसली.

पण सभा भरली त्याच संध्याकाळी इकडे काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. गाडीला वेळ होता. जावईबापू म्हणाले, "मामी, पहिला डाव तुमच्या समोर मारतो, चला." प्रेरणा आणि मी त्यांच्यासोबत गारखेड्यातल्या त्या पूलच्या पार्लरमध्ये गेलो, मी डोक्यावर पदर घट्ट धरून. तिथं टेबलावर दिवे फार लख्ख असतात. जावईबापू दिव्याखाली उभे राहिले, आणि मी आपल्या जावयाला पहिल्यांदा पुरतं पाहिलं. विहीणबाई, केवढे उंच आहेत हो ते! कुठल्या म्हशीचं दूध पाजलंत? माझ्या मनातलं माप त्यांच्या खांद्यापाशीच संपत होतं. ती काठी त्यांच्या हातात लाटण्यासारखी दिसत होती. ते वाकले, आणखी वाकले, बैल ओढ्याला पाणी प्यायला वाकतो तसे वाकले (क्षमा असावी, उपमा दुसरी सुचली नाही), आणि मारलं. चेंडू भलतीकडं गेला, आणि हिरव्या कापडावर कुंकवाचा लालभडक टिळा उमटला. पार्लरचे मालक इस्माईलभाई धावत आले. "अरे क्या करे मियाँ! नवा कपडा है, इसपे हल्दी की रसम कौन करा?" मी म्हटलं, हे सगळे टोकाला निळी पूड लावतातच की, मी लाल लावली, एवढाच फरक. त्यांनी काठी हातात घेऊन गोल गोल फिरवत सगळा मजकूर मोठ्यानं वाचला, शके १९४८ पर्यंत, आणि खुर्चीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. कापडाचं काही बोलले नाहीत.

जावईबापूंनी पुन्हा दोनदा मारलं, दोन्ही वाया. पण तुमचे संस्कार किती चांगले! एका शब्दानंही म्हणाले नाहीत की काठी आखूड आहे. म्हणाले, "लई बेस आहे मामी, फक्त हात बसायला वेळ लागंल." आणि मानानं काठी माझ्याकडं दिली, तुम्हीपण एक मारून बघा म्हणून. प्रेरणा नको नको म्हणत होती. मी पदर खोचला आणि मारलं. पांढरा जाऊन पिवळ्याला भिडला आणि पिवळा गुमान कोपऱ्यात गेला. जावईबापूंनी टाळी वाजवली, इस्माईलभाई म्हणाले, "हौ अम्मा!" आणि मी सवयीनं डाव्या बाजूला वळले. तिथं पाण्याचा जार होता. म्हटलं, ठीक आहे, आणि जारालाच सांगितलं, गेला बघा. मग दुसरा मारला. तोही गेला.

तर विहीणबाई, हा सगळा खुलासा असा. काठी दिली ती मारायला नाही, हौसेला दिली. तिच्यात अपमान शोधला तरी सापडायचा नाही. जावईबापू तुमच्याशी काही बोलणार नाहीत, कारण ते गुणी आहेत. म्हणून मीच पदर पसरून सांगते, दिलेलं वाण परत करू नका. ते घरात राहू द्या, खुंटीला टांगा, वाटलं तर त्यावर टोपी अडकवा. राग माझ्यावर काढा, फोन उचलून काढा, मी ऐकून घेईन. फक्त काठीसोबत मला परत पाठवल्यासारखं करू नका. मांडवात तुम्ही जिला ओढून पुढं आणलंत, ती मी अजून तिथंच उभी आहे.

तात्यांना नमस्कार, ओट्यावरच्या मंडळींना माझा हा खुलासा वाचून दाखवला तरी चालेल (बैलाचं वाक्य वगळून).

आपली नम्र विहीण,
रत्नमाला

ता. क. जावईबापूंसोबत दिलेले वाणातले अनारसे मोजून कमी भरले असतील तर रागावू नका. जाळी नीट पडली का ते बघायला एक खावा लागला, आणि तो एकटा बघून कळेना म्हणून दुसरा.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं. वर मी वाण परत करू नका असं लिहिलंय, त्यावर आता शांतपणे विचार केला. तुमचाही मान आहे. एवढ्या लोकांसमोर परत करणार म्हणालात, आता न केलंत तर ओट्यावर तुमचं काय राहील? अधिक महिना सरून निज ज्येष्ठ लागला की दिलेलं परत घेतल्याचा दोष लागत नाही, असं मी कुठंसं वाचलं आहे. कुठं ते आठवत नाही, माझं वाचन कसल्याच क्रमानं झालेलं नाही. तेव्हा राग गेला नसेल तर बळंच घालवू नका. काठी खुशाल पाठवून द्या. मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही.

शेवटचं ता. क. जावईबापू बिनकाठीचे राहतील अशी काळजी नको. सम्यकला त्यांच्यासाठी दुसरी घडवायला सांगून आले आहे. उंची तेवढी कळवायची राहिली आहे. तुम्ही त्यांच्या आई आहात, त्यांना भिंतीला उभं करून डोळे भरून मोजलंत तरी तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. तेवढं करा आणि आकडा कागदावर लिहून काठीच्या पिशवीत टाका. इस्माईलभाईंनी दुपारी पार्लर रिकामं असतं म्हणून बायकांसाठी एक वेळ ठेवली आहे, आम्ही चौघी जमलो आहोत, त्यातली एक तुमच्याहून मोठी आहे. सोमवारी अमावस्या, मंगळवारी निज ज्येष्ठ लागतो, तेव्हा बुधवारी सकाळी जावईबापू कामाला निघतील त्यांच्याच हाती काठी द्या, उशीर करू नका. गुरुवारी माझा डाव आहे.